संपत्तीच्या विभागणीची अधिकृत आकडेवारी कशी वाचावी

'देशातील वरच्या दहा टक्के लोकांकडे एकूण संपत्तीचा अमुक इतका वाटा आहे,' असे वाक्य वाचले की आपल्या लक्षात टक्केवारी राहते आणि बाकीचे शब्द निसटून जातात. वास्तविक त्या वाक्यातील 'लोक', 'संपत्ती', 'वरचे' आणि 'एकूण' हे चारही शब्द सांख्यिकी विभागाने ठरवलेल्या व्याख्यांवर उभे असतात, आणि व्याख्या बदलली की टक्केवारीही बदलते. म्हणून ही आकडेवारी अविश्वसनीय आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. ती फार कष्टाने गोळा केलेली असते, विषमतेवरील सगळी चर्चा अखेर तिच्याच आधारावर चालते, आणि तिचा गैरवापर झाला की मला मनापासून वाईट वाटते. पुढे जी रीत सांगितली आहे ती कोणत्याही देशाच्या अहवालाला लावता येते. तिच्यासाठी उच्च गणिताची गरज नाही, फक्त अहवालाच्या मागच्या पानांवरील व्याख्या आणि तळटिपा वाचण्याची तयारी हवी.

आधी दहा कुटुंबांवर हात बसवावा

मोठा अहवाल उघडण्यापूर्वी कागदावर दहा काल्पनिक कुटुंबे मांडावीत. त्यांची निव्वळ संपत्ती, म्हणजे मालमत्तेच्या किमतीतून कर्ज वजा केल्यावर उरलेली रक्कम, लाखांमध्ये चढत्या क्रमाने अशी आहे असे समजू: उणे १, ०, १, २, ४, ६, ९, १५, २४ आणि ६०. यांची बेरीज १२० येते, म्हणून सरासरी १२ लाख. मध्यक मात्र पाचव्या आणि सहाव्या कुटुंबाच्या मधोमध पडतो, म्हणजे ५ लाख. दहापैकी सात कुटुंबे सरासरीच्या खाली आहेत, ही गोष्ट येथेच नजरेत भरते. सर्वांत वरच्या एका कुटुंबाकडे, म्हणजे वरच्या दहा टक्क्यांकडे, एकूण संपत्तीचा निम्मा भाग आहे, आणि खालच्या पाच कुटुंबांकडे मिळून ६ लाख, म्हणजे ५ टक्के.

आता फक्त शेवटच्या कुटुंबाची संपत्ती ६० वरून १८० लाखांवर नेऊन पाहावी. सरासरी १२ वरून २४ लाखांवर जाते, म्हणजे थेट दुप्पट होते. मध्यक ५ लाखांवरच राहतो, आणि खालच्या निम्म्या कुटुंबांचा हिस्सा ५ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर येतो, जरी त्यांच्यापैकी कोणाचाही एक पैसासुद्धा कमी झालेला नसतो. 'हिस्सा घटला' आणि 'संपत्ती घटली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एकदा स्वतःच्या हाताने आकडे मांडून पाहिले की पुन्हा त्यांची गल्लत होत नाही.

याच दहा कुटुंबांचा गिनी गुणांक, म्हणजे विषमता एका आकड्यात सांगणारे माप, मूळ आकड्यांवरून ०.६७५ येतो. हे माप इटालियन सांख्यिकीतज्ज्ञ कोर्रादो जिनी यांनी १९१२ मध्ये मांडले आणि ते ज्या वक्रावरून (खालून मोजत गेल्यास किती कुटुंबांकडे मिळून किती हिस्सा, हे दाखवणारी रेषा) काढतात तो अमेरिकी अर्थतज्ज्ञ मॅक्स लॉरेन्झ यांचा. त्यांचा १९०५ चा मूळ लेख संपत्तीचे केंद्रीकरण मोजण्याविषयीच होता. गिनी शून्य म्हणजे संपूर्ण समानता आणि एक म्हणजे सारे काही एकाकडेच, असे पाठ्यपुस्तकात शिकवतात. संपत्तीच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली अशी, की निव्वळ संपत्ती उणेही असू शकते, त्यामुळे गुणांक तत्त्वतः एकच्या वर जाऊ शकतो. दुसरी अशी, की संपत्तीचा गिनी उत्पन्नाच्या गिनीपेक्षा जवळपास सर्वत्र बराच मोठा असतो, म्हणून एका देशाचा संपत्तीचा आकडा दुसऱ्या देशाच्या उत्पन्नाच्या आकड्याशेजारी ठेवणे ही सरळ चूक आहे. मला स्वतःला सामान्य वाचकासाठी गिनीपेक्षा 'वरचे १० टक्के' आणि 'खालचे ५० टक्के' यांचे हिस्से अधिक उपयोगी वाटतात, कारण बदल कोठे झाला हे त्यांतून दिसते.

कोणाची संपत्ती, आणि कशाला संपत्ती म्हटले आहे

अहवाल हाती आल्यावर पहिला शोध एककाचा घ्यावा. बहुतेक सर्वेक्षणे कुटुंब हे एकक धरतात, तर करांच्या किंवा वारशाच्या नोंदींवरून केलेली आकडेवारी व्यक्तीची असते. एकाच छपराखाली सहा जण राहत असतील आणि घर एकाच्या नावावर असेल, तर कुटुंबाच्या मोजणीत ते सहाही जण घरवाले ठरतात आणि व्यक्तीच्या मोजणीत पाच जण रिकाम्या हातांचे. त्यामुळे व्यक्तीनुसार मोजलेली विषमता बहुधा जास्त दिसते, आणि स्त्रियांच्या मालकीचा प्रश्न तर कुटुंबाच्या आकड्यात पूर्णपणे झाकला जातो.

दुसरा शोध 'निव्वळ' या शब्दाचा. तो तक्त्याच्या शीर्षकात नसेल तर आकडे एकूण मालमत्तेचे आहेत, कर्ज वजा केलेले नाही, असे धरून तळटीप तपासावी. निव्वळ संपत्तीच्या यादीत सर्वांत खाली असणारा माणूस गरीबच असेल असेही नाही: शिक्षणासाठी मोठे कर्ज काढलेला, नुकताच नोकरीला लागलेला डॉक्टर या यादीत भूमिहीन मजुराच्याही खाली दिसू शकतो. संपत्तीचा तळ आणि गरिबी यांचे क्षेत्र एकमेकांवर बरेचसे पडते, पण ते एकच नव्हे.

तिसरा आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित शोध म्हणजे मालमत्तांची यादी. जमीन, घर, ठेवी, समभाग, स्वतःचा धंदा हे सगळीकडे असते. वाद असतो तो वाहने, घरातील टिकाऊ वस्तू, दागिने आणि मुख्यतः निवृत्तिवेतन यांविषयी. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे संपत्ती व मालमत्ता सर्वेक्षण २००६ मध्ये सुरू झाले. ते निवृत्तिवेतनाचे खाजगी हक्क संपत्तीत धरते, आणि एप्रिल २०१८ ते मार्च २०२० या काळात एकूण संपत्तीचा ४२ टक्के भाग तोच होता, घरांच्या निव्वळ किमतीपेक्षाही मोठा. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हच्या ग्राहक वित्त सर्वेक्षणात मात्र ठरावीक मासिक रक्कम देणाऱ्या जुन्या पद्धतीच्या निवृत्तिवेतनाची किंमत निव्वळ संपत्तीत मिळवलेली नसते. सरकारकडून म्हातारपणी मिळणारे वेतन तर बहुतेक ठिकाणी बाहेरच राहते. ज्या देशात ही सरकारी तरतूद भक्कम आहे तेथील सामान्य कुटुंब कमी साठवते आणि आकडेवारीत अधिक 'गरीब' दिसते, हा विरोधाभास त्यातूनच येतो.

शिवाय निवृत्तिवेतनाचा हक्क आजच्या किमतीत मांडायचा तर भविष्यातील रक्कम कोणत्या तरी व्याजदराने आजवर आणावी लागते. दर उतरला की तेच वेतन कागदावर अधिक मोलाचे होते, आणि कोणाच्याही हाती काही न पडता देशाची 'संपत्ती' फुगते. अशा अहवालात निवृत्तिवेतनासह आणि निवृत्तिवेतनाविना असे दोन्ही तक्ते असतील, तर दोन्ही पाहिल्याशिवाय मत बनवू नये.

माहिती कोठून आली आहे

संपत्ती मोजण्याचे तीन मार्ग प्रचलित आहेत, आणि प्रत्येकाची आंधळी जागा वेगळी आहे.

सर्वांत जुना मार्ग मृतांच्या इस्टेटींवरून जिवंतांची संपत्ती काढण्याचा. ब्रिटनमध्ये १८९४ मध्ये इस्टेट ड्यूटी, म्हणजे मृताच्या मालमत्तेवरील कर, लागू झाली, तिच्या नोंदी साचू लागल्या, आणि १९०८ मध्ये बर्नार्ड मॅलेट यांनी त्या नोंदींवरून देशाची खाजगी संपत्ती अंदाजण्याची पद्धत मांडली. ब्रिटिश करखात्याची व्यक्तिगत संपत्तीची आकडेवारी याच तत्त्वावर तयार होत आली आहे. कल्पना साधी आहे. समजा, एका वयोगटात वर्षभरात ४० पैकी एक जण मरण पावतो. तर त्या वयोगटातील प्रत्येक मृताची इस्टेट ४० जिवंत माणसांचे प्रतिनिधित्व करते असे मानून तिला ४० ने गुणायचे. श्रीमंत माणसे सरासरीने जास्त जगतात, म्हणून त्यांच्यासाठी मृत्युदर कमी धरून गुणक वाढवावा लागतो. अडचण तरुणांची येते. हजारात एक मृत्यू होणाऱ्या वयोगटात एखादा धनाढ्य तरुण अपघातात गेला, तर त्याची एकट्याची इस्टेट हजार पट होऊन तक्त्यात उतरते आणि त्या वर्षीचा आकडा उसळतो. म्हणून असे आकडे एकेका वर्षाचे न पाहता काही वर्षांचे एकत्र पाहावेत. दुसरी मर्यादा अशी, की ज्या इस्टेटींची कायदेशीर नोंद करावीच लागत नाही, त्या हिशेबात येत नाहीत. त्यामुळे हा तक्ता साऱ्या प्रौढांचा नसून नोंदीतून ओळख पटलेल्या संपत्तिधारकांचा असतो, आणि त्यातील टक्केवारी 'साऱ्या देशाची' म्हणून सांगणे बरोबर नाही.

दुसरा मार्ग करनोंदींचा. नॉर्वे आणि स्वित्झर्लंड येथे आजही संपत्ती कर आहे, त्यामुळे तेथे जवळपास सर्व रहिवाशांची माहिती सरकारी नोंदवहीत असते. पण करासाठीचे मूल्य म्हणजे बाजारभाव नव्हे; नॉर्वेत राहत्या घराचे करमूल्य एका मर्यादेपर्यंत बाजारभावाच्या चौथा हिस्साच धरले जाते. नोंदवहीतील आकडा बाजारभावावर आणला आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय तो वापरू नये. आणि कर गेला की नोंदही जाते. स्वीडनने २००७ मध्ये संपत्ती कर रद्द केला आणि त्याबरोबर तेथील तपशीलवार संपत्तिनोंदणीही थांबली. भारतात इस्टेट ड्यूटी १९८५ मध्ये आणि १९५७ च्या कायद्याने आलेला संपत्ती कर १ एप्रिल २०१६ पासून संपुष्टात आला. करांविषयी कोणाचे मत काहीही असो, मोजमापाच्या दृष्टीने हे नुकसानच आहे.

तिसरा मार्ग घरोघरी जाऊन विचारण्याचा. भारतातील अखिल भारतीय कर्ज व गुंतवणूक सर्वेक्षण या प्रकारचे आहे. त्याचे मूळ रिझर्व्ह बँकेच्या १९५१-५२ च्या ग्रामीण पतपुरवठा पाहणीत आहे, आणि पुढे साधारण दहा वर्षांच्या अंतराने ते होत आले. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७७ व्या फेरीत, २०१९ मध्ये, ग्रामीण भागातील ६९,४५५ आणि शहरी भागातील ४७,००६ कुटुंबांची माहिती घेतली गेली, आणि एकाच कुटुंबाकडे अन्वेषक वर्षात दोनदा गेले. मालमत्तेची किंमत विचारली ती ३० जून २०१८ या दिवसाची. ही संदर्भतारीख फार महत्त्वाची असते. अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला म्हणून आकडे २०२१ चे होत नाहीत. महासाथीचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही.

या सर्वेक्षणातून ग्रामीण कुटुंबाची सरासरी मालमत्ता १५.९२ लाख रुपये आणि शहरी कुटुंबाची २७.१७ लाख रुपये निघाली. ग्रामीण मालमत्तेचा सुमारे ९१ टक्के आणि शहरी मालमत्तेचा सुमारे ८७ टक्के भाग जमीन आणि इमारतींचा होता. याचा अर्थ असा, की जमिनीला भाव कसा लावला, या एकाच प्रश्नाच्या उत्तरावर जवळजवळ सगळा तक्ता तोललेला आहे. शेतकरी आपल्या रानाची किंमत सांगतो ती शेजारच्या गटाच्या शेवटच्या व्यवहारावरून, आणि तो व्यवहार अनेक वर्षांपूर्वीचा असू शकतो. म्हणून मूल्यांकनाची पद्धत सांगणारा परिच्छेद कोणत्याही अहवालात सर्वांआधी शोधावा.

वरचे टोक सुटते कसे

घरोघरच्या सर्वेक्षणाचा मोठा दोष वरच्या टोकाला असतो. अतिश्रीमंत कुटुंबे संख्येने इतकी थोडी असतात की ती नमुन्यात सहसा येत नाहीत. आली तर दार उघडत नाहीत. दार उघडले तरी सर्व काही सांगत नाहीत. आपल्या दहा कुटुंबांपैकी ६० लाखांचे कुटुंब नमुन्यात आलेच नाही असे समजा. उरलेल्या नऊंची बेरीज ६० लाख, सरासरी १२ वरून ६.७ लाखांवर येते, आणि सर्वांत वरच्या कुटुंबाचा हिस्सा ५० ऐवजी ४० टक्के दिसतो. मध्यक ५ वरून ४ वर येतो, म्हणजे तो तुलनेने स्थिर राहतो. म्हणूनच सर्वेक्षणातील मध्यकावर अधिक विश्वास ठेवावा आणि वरच्या एक टक्क्याच्या हिश्श्यावर कमी.

हा दोष केवळ नमुना मोठा करून जात नाही. अमेरिकेच्या २०२२ च्या सर्वेक्षणात सुमारे ४,६०० कुटुंबेच होती, पण त्यांतील एक भाग करविषयक माहितीच्या आधारे, श्रीमंत असण्याची शक्यता पाहून, मुद्दाम निवडलेला असतो. फोर्ब्जच्या यादीतील चारशे जण मात्र त्यातून वगळलेले असतात. भारतात नमुना त्याच्या पंचवीस पट मोठा आहे, पण अशा करयादीचा आधार तेथे घेतला जात नाही. वरच्या टोकाची विशेष दखल घेतल्याने किती फरक पडतो याचे उत्तम उदाहरण जर्मनीचे आहे. बर्लिनच्या जर्मन आर्थिक संशोधन संस्थेने २०२० मध्ये लक्षाधीशांचा खास नमुना आणि श्रीमंतांची प्रसिद्ध यादी जोडून हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा वरच्या एक टक्क्याचा हिस्सा सुमारे २२ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर गेला. माणसे तीच, देश तोच. फक्त आधी न दिसणारे दिसू लागले.

अलीकडे मध्यवर्ती बँका सर्वेक्षणातील प्रमाणे आणि राष्ट्रीय लेख्यांतील, म्हणजे साऱ्या देशाच्या आर्थिक हिशेबातील, एकूण रकमा यांचा मेळ घालून आकडे काढतात. फेडरल रिझर्व्हची अशी तिमाही मालिका १९८९ पासूनची आहे, आणि युरोपीय मध्यवर्ती बँकेने आपली मालिका जानेवारी २०२४ मध्ये सुरू केली. या आकड्यांची एकूण बेरीज भरवशाची असते. तिची वाटणी मात्र गृहीतकांवर चालते, हे विसरू नये.

दोन वर्षे किंवा दोन देश शेजारी ठेवताना

वर्षांची तुलना करताना महागाई वजा केली आहे का, हे आधी पाहावे. भारतात ग्रामीण सरासरी मालमत्ता २०१२ च्या १०.०७ लाखांवरून २०१८ मध्ये १५.९२ लाखांवर गेली, म्हणजे ५८ टक्क्यांनी वाढली. पण ही वाढ चालू किमतींतील आहे, आणि तिच्यात भाववाढीचा मोठा वाटा आहे. प्रश्नावली, मालमत्तांची यादी किंवा कुटुंबाची व्याख्या मधल्या काळात बदलली असेल, तर महागाई वजा करूनही तुलना लंगडीच राहते. याउलट अमेरिकेच्या अहवालात जुनी वर्षे बहुधा नव्या किमतींत आणूनच दिलेली असतात: २०१९ चा मध्यक १,४१,१०० डॉलर आणि २०२२ चा १,९२,९०० डॉलर हे दोन्ही आकडे २०२२ च्या किमतींतले आहेत, म्हणून ते थेट शेजारी ठेवता येतात.

देशांची तुलना याहून निसरडी. युरोपीय मध्यवर्ती बँकेने २०१३ मध्ये कुटुंबांच्या संपत्तीचे पहिले सामाईक सर्वेक्षण प्रसिद्ध केले, तेव्हा जर्मन कुटुंबाचा मध्यक ५१,४०० युरो आणि सायप्रसमधील कुटुंबाचा २,६६,९०० युरो निघाला, आणि जर्मन माणूस गरीब असल्याच्या बातम्या छापून आल्या. स्पष्टीकरण अहवालातच होते. जर्मनीत सुमारे ४४ टक्के कुटुंबेच स्वतःच्या घरात राहत होती, सायप्रसमध्ये सुमारे ७७ टक्के. सायप्रसची कुटुंबे आकाराने मोठी होती. सरकारी निवृत्तिवेतन मोजलेले नव्हते. आणि सर्व देशांची संदर्भवर्षेही एक नव्हती. जर्मनीची सरासरी १,९५,२०० युरो होती, मध्यकाच्या जवळजवळ चौपट. म्हणजे खरी बातमी जर्मनीच्या गरिबीची नव्हती, तर तेथील विषमतेची आणि भाड्याच्या घरांची होती. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१३ मध्येच कुटुंबांच्या संपत्तिमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दोन्ही देश ती पाळत असतील, तर तुलना पुष्कळच सुकर होते.

आकडा स्वतः लिहिताना

शेवटी हा आकडा लेखात, अर्जात किंवा भाषणात वापरायचा असेल तेव्हा त्याचे सर्व घटक एका वाक्यात आणण्याची सवय लावावी. '२०१९ च्या सर्वेक्षणानुसार, ३० जून २०१८ रोजी, ग्रामीण भारतातील सर्वाधिक मालमत्ता असलेल्या १० टक्के कुटुंबांकडे, कर्ज वजा न करता मोजलेल्या एकूण मालमत्तेचा ५०.८ टक्के हिस्सा होता, तर खालच्या निम्म्या कुटुंबांकडे १०.२ टक्के.' वाक्य लांब आहे, पण त्यात काळ, जागा, एकक आणि मापन हे चारही आले. शहरी भागासाठी हेच आकडे ५५.७ आणि ६.२ टक्के आहेत. या दोहोंची सरासरी काढून 'संपूर्ण भारताचा' आकडा बनवू नये. ग्रामीण भागातील वरची दहा टक्के कुटुंबे आणि देशातील वरची दहा टक्के कुटुंबे हे वेगळे गट आहेत, आणि एकत्रित हिश्श्यासाठी मूळ कुटुंबनिहाय माहितीच पुन्हा क्रमाने लावावी लागते.

नमुन्यावर आधारित आकड्याला प्रमाण त्रुटी असते, म्हणजे दुसरी कुटुंबे निवडली असती तर आकडा साधारण किती हलला असता याचा अंदाज. दोन फेऱ्यांमधील फरक तिच्या मानाने लहान असेल, तर 'वाढला' किंवा 'घटला' असे न लिहिता 'जवळपास तेवढाच राहिला' असे लिहावे. अहवालांची पुढे दुरुस्ती होते आणि जुना तक्ता मुकाट्याने बदलला जातो, म्हणून वापरलेल्या तक्त्याचा क्रमांक आणि तो उतरवून घेतल्याची तारीख आपल्या टिपणात नोंदवून ठेवावी. जागा अपुरी पडली आणि काही गाळावेच लागले, तर दशांश चिन्हापुढचा आकडा गाळावा. 'कुटुंबांकडे', 'ग्रामीण' आणि 'कर्ज वजा न करता' हे शब्द गाळू नयेत.